ओक्लाहोमाचा इतिहास आणि पोरांना वाटणारी लाज

७ मे २०२१ रोजी ओक्लाहोमाचे गव्हर्नर केविन स्टिट यांनी ‘हाउस बिल १७७५’ वर सही केली आणि त्या राज्यात इतिहास कसा शिकवायचा हा विषय मास्तरांच्या हातून निसटून पुढाऱ्यांच्या आणि वकिलांच्या हाती गेला. तल्सा शहरातली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली गेली त्याला शंभर वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, मुलांना आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटला पाहिजे, उगाच त्यांच्या डोक्यावर जुन्या पापांचं ओझं कशाला? दुसरा म्हणतो, खरं ऐकून थोडी लाज वाटली तर बिघडलं कुठे? अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांच्या गप्पांतही वाद याच दोन खुंट्यांना टांगलेला असतो. माझ्या मते दोन्ही तट पोरांच्या मनःस्थितीवरून भांडताहेत. इतिहास हे नुसतं निमित्त आहे. आणि ओक्लाहोमासारख्या राज्याचा इतिहास तर लाजेच्या साच्यातही बसत नाही आणि अभिमानाच्याही. तिथल्या साध्या माणसांनी काय केलं, कुठल्या कायद्याच्या आणि कागदाच्या आधाराने केलं, आणि कोण ‘नाही’ म्हणालं, एवढं नीट शिकवा. मग पोराला काय वाटायचं ते वाटू दे.

आधी कायद्याच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. मुलांना अस्वस्थ करणारं काहीही शिकवायला या कायद्याने बंदी आहे, असं विरोधक सर्रास सांगतात. तसं त्यात लिहिलेलं नाही. आपल्या वंशामुळे किंवा लिंगामुळे एखाद्याला अपराधी, अस्वस्थ ‘वाटलंच पाहिजे’ असं शिकवू नका, असं लिहिलंय. दहा वर्षांच्या पोरीला उभं करून ‘तू गोरी, म्हणून तू दोषी’ असं ऐकवणाऱ्या शिक्षकाला मीही वर्गात ठेवणार नाही. शिवाय तल्साचं हत्याकांड राज्याच्या अभ्यासक्रमात आहे, आणि अभ्यासक्रमात जे आहे ते शिकवायला आडकाठी नाही, हेही कायदाच सांगतो. मग अडलं कुठे? अडलं ते धाकाशी. जुलै २०२२ मध्ये तल्सा आणि मस्टँग इथल्या शाळांच्या मान्यतेवर ताकिदीचा शिक्का बसला. तल्साच्या बाबतीत तक्रार होती ती शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाबद्दल, मुलांच्या तासाबद्दल नव्हे. एवढं पाहिल्यावर शहाणा मास्तर काय करेल? धडा वाचून दाखवेल, आणि ‘पण सर, असं का झालं?’ असा प्रश्न आला की घड्याळाकडे बघेल. जून २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने या कायद्यातली काही कलमं संदिग्ध म्हणून तात्पुरती थांबवली खरी, पण धाक काही न्यायालयाच्या आदेशाने एका रात्रीत जात नाही.

आता अभिमानवाल्यांची सगळ्यात आवडती गोष्ट घेऊ. २२ एप्रिल १८८९. भर दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सुमारे पन्नास हजार माणसं घोड्यांवरून, छकड्यांतून, रेल्वेने, कुणी चक्क पायी, वीस लाख एकर जमिनीवर धावत सुटली. पहिला जाऊन खुंटी ठोकेल त्याची १६० एकर. सकाळी जिथे रेल्वेचं ठाणं आणि गवत होतं, तिथे रात्री ओक्लाहोमा सिटी आणि गथ्री ही तंबूंची शहरं उभी होती. १८९३ च्या सप्टेंबरात याहून मोठी धाव झाली, तिला लाखाहून अधिक माणसं लोटली. कित्येक पिढ्या ओक्लाहोमाच्या शाळांत पोरांना छोट्या गाड्या आणि झेंडे देऊन मैदानावर या धावेचं नाटक करायला लावत असत. राजधानीतल्या सरकारी शाळांनी ते २०१४ च्या सुमारास बंद केलं. बंद झालं म्हणून ज्यांना राग आला त्यांचं एक म्हणणं मला पटतं. धावणारी माणसं जमीनदार नव्हती. कॅन्ससमध्ये, मिझुरीत, टेक्ससमध्ये कर्जाने पिचलेले शेतकरी, मजूर, एकट्या बायका, गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलं, असं ते मिश्रण होतं. सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं यासाठी माणूस काय काय करतो हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्यांना दरोडेखोर म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही.

पण मग ही जमीन मोकळी कशी झाली, हे नाटकात का नसायचं? क्रीक आणि सेमिनोल या लोकांकडून तो प्रदेश १८६६ च्या करारात दाबून घेतला होता, आणि घेताना सांगितलं होतं की इतर आदिवासींना आणि मुक्त गुलामांना तिथे वसवायचं आहे. पुढे त्यांचा उरलासुरला हक्कही पैसे देऊन संपवला आणि जागा गोऱ्या वसाहतकाऱ्यांना खुली केली. बरं, धावेचा नियम तरी पाळला गेला? बाराच्या आधीच रात्री-अपरात्री आत घुसून झुडपांत लपून बसलेल्यांना लोक ‘सूनर’ म्हणून शिव्या देत होते, त्यांच्यावर वर्षानुवर्षं खटले चालले. आज ओक्लाहोमा हे ‘सूनर’ राज्य आहे आणि विद्यापीठाचा फुटबॉल संघही ‘सूनर्स’. मला यात गंमत वाटते. नियम मोडणाऱ्याचं नाव इतक्या प्रेमाने मिरवणाऱ्या राज्याला इतिहासातल्या नियमभंगाची एवढी भीती का वाटावी?

दुसऱ्या तटालाही हा प्रदेश सोपा जात नाही. १८३० च्या कायद्याने आग्नेय अमेरिकेतल्या चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. १८३८-३९ च्या हिवाळ्यात सोळा हजारांच्या आसपास चेरोकी निघाले आणि त्यांतले सुमारे चार हजार मेले असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ‘अश्रूंची वाट’ म्हणून हे जगभर शिकवलं जातं, शिकवलंच पाहिजे. पण त्या वाटेवर आणखीही माणसं चालत होती, ज्यांचे पाय चित्रांत दिसत नाहीत: या लोकांच्या मालकीचे काळे गुलाम. १८६० पर्यंत इंडियन टेरिटरीत, म्हणजे हाकललेल्या आदिवासींना दिलेल्या, आज ओक्लाहोमात मोडणाऱ्या प्रदेशात, असे सात-आठ हजार गुलाम होते. १८४२ मध्ये वेबर्स फॉल्स इथल्या जोसेफ व्हॅन या धनाढ्य चेरोकीच्या मळ्यावरून वीसेक गुलाम मेक्सिकोच्या दिशेने पळाले, तेव्हा त्यांच्या मागावर गेली ती चेरोकींची सशस्त्र तुकडी. हाकलला गेलेला माणूस दुसऱ्याला साखळीत ठेवू शकतो? ठेवत होता. यादवी युद्धानंतर, १८६६ च्या करारांनी हे गुलाम मुक्त झाले. कागदावर त्यांतल्या बहुतेकांना त्या त्या राष्ट्राचं नागरिकत्वही मिळालं, प्रत्यक्षात चोक्टॉ आणि चिकसॉ प्रदेशात ते वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. पुढाऱ्याचं नाव न घेता ‘लोकांना’ अर्पण केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण त्याच वर्षी इंडियन टेरिटरीच्या दक्षिण भागात मुक्त झालेले हजारो काळे लोक ना अमेरिकेचे नागरिक होते ना चोक्टॉ-चिकसॉंचे. फुल्यांना हे कळण्याची सोय नव्हती, आपल्याला आहे.

आणि आता तो भाग, जो दोन्ही तटांच्या भाषणांत जवळपास येतच नाही, आणि माझ्या मते ओक्लाहोमाचा खरा धडा तोच आहे. १८८७ चा डॉज कायदा आणि १८९८ चा कर्टिस कायदा यांनी आदिवासी राष्ट्रांची सामाईक जमीन मोडून माणशी तुकडे करायचं ठरवलं. डॉज आयोगाचे कारकून टेबलं मांडून बसले, नावं लिहून घेऊ लागले, कोण ‘रक्ताने’ अमुक, कोण मुक्त गुलाम, कुणात किती हिस्सा रक्त, याच्या याद्या झाल्या. बंदुकीने घेतली नव्हती एवढी जमीन पुढे या याद्यांच्या आधाराने गेली. १६ नोव्हेंबर १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं आणि १९०८ च्या संघीय कायद्याने अल्पवयीन वारसांचे व्यवहार राज्यातल्या जिल्हा न्यायालयांकडे गेले. न्यायालय मुलाला पालक नेमी. हा पालक म्हणजे बहुधा गावातला वकील, सावकार, दुकानदार. तो जमीन भाड्याने देई, तेल निघालं तर तेलाचा पैसा सांभाळी, आपली फी कापून घेई, आणि पोरगं वयात येईपर्यंत जमीनही विकून मोकळा होई. प्रत्येक पायरीला शिक्का, प्रत्येक पायरीला न्यायाधीशाची सही. असले व्यवहार करणाऱ्यांना ‘ग्राफ्टर’ म्हणत आणि ते हे बिरुद उघडपणे लावून घेत. रविवारी हीच माणसं चर्चला जात असणार. ओसेज या आदिवासी लोकांच्या जमिनीखाली तेल निघालं तिथे तर हे खुनांपर्यंत गेलं. १९०६ च्या यादीतल्या २,२२९ माणसांपैकी प्रत्येकाचा तेलात वाटा होता, आणि वाटा मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे लग्न करणं आणि मग बायकोच्या नातलगांना एकेक करून संपवणं. त्यावर मोठा चित्रपट येऊन गेल्यापासून ओसेज खून सगळ्यांना माहीत झालेत. विषाची आणि पिस्तुलाची गोष्ट सांगायला सोपी असते. पालकाच्या हिशेबवहीची गोष्ट कोण सांगणार?

ती दोन बायकांनी सांगितली. केट बर्नार्ड ही १९०७ मध्ये राज्याची धर्मादाय आयुक्त म्हणून निवडून आली, म्हणजे ओक्लाहोमात बायकांना मतदानाचा हक्क मिळायच्या अकरा वर्षं आधी. रानात झाडाच्या ढोलीत झोपणारी, आसपासच्या शेतांवर मागून खाणारी तीन अनाथ आदिवासी मुलं तिच्या खात्याला सापडली. चौकशी केली तर मुलांच्या नावावर जमीन होती, जमिनीचं भाडं येत होतं, आणि त्यांचा न्यायालयाने नेमलेला पालक इतक्या मुलांचा पालक होता की ही तीन कुठे आहेत याचा त्याला पत्ता नव्हता. बर्नार्डबाई अशा प्रकरणांत हात घालू लागल्या, लुबाडलेले पैसे परत मिळवू लागल्या, तशी विधिमंडळाने त्यांच्या खात्याचे पैसेच तोडले. दुसरी अँजी डेबो. १८९९ मध्ये नऊ वर्षांची पोर असताना ती आईबापांबरोबर घोडागाडीतून ओक्लाहोमात आली. म्हणजे अभिमानवाल्यांच्या हिशेबाने अस्सल वसाहतकाऱ्याची लेक. तिने न्यायालयांची दप्तरं उकरून, नावानिशी, या लुटीचा इतिहास लिहिला. नावं जिवंत आणि वजनदार माणसांची होती. राज्याच्या विद्यापीठाने पुस्तक छापायचं टाळलं. ते १९४० मध्ये दूर प्रिन्स्टनहून निघालं. आज तिचं तैलचित्र राज्याच्या विधानभवनात आहे. गोऱ्या पोराला पूर्वजांचा अभिमान वाटायलाच हवा असेल तर वाटू दे ना, या दोघी आहेत! पण अभिमानवाले त्यांचं नाव घेत नाहीत, कारण त्यांचं नाव घेतलं की त्या ज्यांच्याशी भांडल्या त्यांचंही घ्यावं लागतं.

गरीब गोऱ्यांचंही हेच झालंय. धावत येऊन ज्यांनी जमीन धरली त्यांच्यातले किती जण ती राखू शकले? १९१० पर्यंत राज्यातले निम्म्याहून अधिक शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर खंडाने राबणारी कुळं होती. या कुळांनी काय केलं हे आजच्या ओक्लाहोमातल्या पोराला सांगून बघा, त्याला थट्टा वाटेल: १९१४ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत समाजवादी पक्षाच्या फ्रेड होल्टला पाचातलं एक मत पडलं. जिथे २००४ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत सगळेच्या सगळे ७७ जिल्हे रिपब्लिकन पक्षाकडे जातात त्या राज्यात! ऑगस्ट १९१७ मध्ये कॅनेडियन नदीच्या काठच्या शेतकऱ्यांनी सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध बंड केलं. त्यांत गोरे होते, काळे होते, सेमिनोल आणि क्रीक होते. वाटेतल्या शेतांतली कोवळी कणसं खात वॉशिंग्टनपर्यंत चालत जायचं आणि युद्ध थांबवायचं, असा तो भाबडा बेत. म्हणून ते ‘ग्रीन कॉर्न’ बंड. काही दिवसांत ते मोडलं, शेकडो पकडले गेले, समाजवादी पक्षही त्याबरोबर गुंडाळला गेला. बंड शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. पण तीन रंगांची माणसं एका बाजूला उभी राहिली, तीही चार वर्षांनी जिथे ग्रीनवुड जळणार होतं त्या राज्यात, हे कुठल्या तटाला हवंय? गोऱ्यांचा सगळा इतिहास गोरेपणाचा, असं मानणाऱ्याला ते अडचणीचं. देशभक्त पूर्वजांच्या रांगा लावणाऱ्याला त्याहून अडचणीचं. तिसाव्या दशकात दुष्काळ, कापसाचे पडलेले भाव आणि ट्रॅक्टर यांनी हीच कुळं देशोधडीला लावली, तेव्हा फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर नाकी बसवून त्यांना माघारी पिटाळलं. अमेरिकेचे नागरिक, गोरे, ख्रिस्ती, आणि तरी आपल्याच देशात घुसखोर. या माणसांच्या नातवंडांना ‘तुम्ही सत्ताधारी वंशाचे’ असं सांगितलं की ती का बिथरतात, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

मात्र इथे माझ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी सगळ्यात गंभीर मानतो. ‘सगळंच गुंतागुंतीचं होतं’ असं म्हणणं ही पळवाट आहे. गुलाम चेरोकींकडेही होते, गोरेही गरीब होते, मग कुणालाच काही विचारायचं नाही, असंच ना? आक्षेपाला आधार आहे. जुलै २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांना नॉर्मनमधल्या एका सभेत तल्साबद्दल विचारलं गेलं, तेव्हा कृत्याला वाईट म्हणा पण ते कातडीच्या रंगाशी जोडू नका, अशा अर्थाचं ते बोलून गेले. टीका झाल्यावर खुलासा आला की हल्ला वंशद्वेषातूनच झाला होता हे त्यांना मान्य आहे. म्हणजे गुंतागुंतीच्या नावाखाली मुख्य गोष्टच पुसण्याचा मोह खरा आहे. शिवाय तल्साबद्दल राज्यात जवळपास पाऊण शतक बोललंच गेलं नव्हतं. विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडलं. ज्यांची गोष्ट इतकी वर्षं दडपली ती आधी सरळ, ठसठशीत सांगू द्या, बारकावे मागून बघू, हे म्हणणं माणुसकीचं आहे.

पण तपशील सांगितल्याने जबाबदारी पातळ होते का? तल्साचंच बघा. लिफ्टमध्ये एका गोऱ्या मुलीवर हात टाकल्याचा आरोप, बूटपॉलिश करणारा एकोणीस वर्षांचा काळा पोरगा डिक रोलंड, न्यायालयापुढे जमलेला गोरा जमाव, आणि ३१ मेच्या रात्रीपासून १ जूनपर्यंत ग्रीनवुडच्या पस्तीस गल्ल्यांची राख. मृतांचा अंदाज तीनशेपर्यंत जातो. बहुतेक धडे इथे संपतात, आणि इथे संपले की ती एका पिसाळलेल्या जमावाची गोष्ट होते. जमाव कुणाचाच पूर्वज नसतो. पुढे चला. विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमावर बोट ठेवून दावे फेटाळले. आठवडाभरात नगरपालिकेने अग्निसुरक्षेचा नियम वाढवला: जळलेल्या वस्तीत घर बांधायचं तर महागड्या, न जळणाऱ्या सामानाचं बांधा. तंबूत राहणाऱ्यांना हे परवडणार नव्हतं, आणि ती जागा कारखान्यांना आणि रेल्वेला हवी होतीच. हा जमाव नव्हे. ही ठरावाची भाषा आहे, इतिवृत्त आहे, खाली सह्या आहेत. आणि चिकसॉ प्रदेशात जन्मलेला बक कोल्बर्ट फ्रँकलिन हा काळा वकील तंबूतच कचेरी थाटून याच ठरावाविरुद्ध न्यायालयात गेला आणि जिंकला. ग्रीनवुड परत उभं राहिलं ते त्यामुळे. तपशिलात शिरल्याने गोऱ्या तल्साची जबाबदारी कमी झाली की वाढली? जमावाच्या गर्दीत जे लपले होते ते नगरपालिकेच्या टेबलाभोवती बसलेले दिसू लागले.

हिशेब चुकते व्हायची वेळ येते तेव्हाही उपयोगी पडतो तो तपशीलच. जुलै २०२४ मध्ये तल्सातल्या ओकलॉन दफनभूमीतल्या निनावी थडग्यांतल्या एका मृताची ओळख पटली: सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धातला जवान. डीएनएच्या जोडीला एक जुना कागद होता. त्याच्या आईच्या वतीने १९३६ मध्ये एका वकिलाने माजी सैनिकांच्या खात्याला लिहिलेल्या पत्रात, मुलगा १९२१ साली तल्साच्या दंगलीत मारला गेला, असं साधं वाक्य होतं. आईला निवृत्तिवेतनाचा हक्क हवा होता. फाइल जपली गेली म्हणून मुलाला नाव मिळालं. त्याआधी, ९ जुलै २०२० ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकगर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार असा निकाल दिला की क्रीक राष्ट्राचं रिझर्वेशन, म्हणजे करारांनी त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश, कधी रद्द झालंच नव्हतं, म्हणजे तल्साचा मोठा भाग अजूनही त्यात मोडतो. राज्याचा युक्तिवाद होता की शंभर वर्षं सगळे ते संपलं असंच समजत आले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच हे ट्रम्प यांनी नेमलेले, कडवे परंपरावादी. त्यांनी विचारलं एवढंच: संसदेने हे रिझर्वेशन संपवल्याचा शब्द कुठे आहे? नव्हता. इथे कुणाला लाज वाटली म्हणून निकाल लागला का? करार वाचला गेला म्हणून लागला. आणि या निकालाविरुद्ध सगळ्यांत जास्त आकांडतांडव केलं ते गव्हर्नर स्टिट यांनी, जे स्वतः चेरोकी राष्ट्राचे नोंदणीकृत नागरिक आहेत. सांगा, हा माणूस कुठल्या रांगेत उभा करायचा?

उरला तो ‘लहान मुलांना हे झेपत नाही’ हा मुद्दा. १९ ऑगस्ट १९५८ रोजी ओक्लाहोमा सिटीतल्या कॅट्झ नावाच्या औषधांच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर तेरा मुलं जाऊन बसली आणि त्यांनी कोकाकोला मागितला. काळ्यांना तिथे बसून खायची मनाई होती. मुलं बसूनच राहिली, काही दिवसांत कॅट्झने आपल्या दुकानांतला हा भेद उठवला. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोचं, असंच काउंटरवर बसून केलेलं, प्रसिद्ध आंदोलन याच्या दीड वर्षानंतरचं. मुलांना घेऊन आलेली क्लारा ल्युपर ही शाळेत इतिहास शिकवायची. त्या काउंटरवर येऊन जाऊन शिव्या देणारी प्रौढ माणसं होती, आणि मुलांना झेपत नाही म्हणे! त्यांना झेपत नाही ते आपल्या मनात काय चाललंय यावर सतत नजर ठेवणारं शिक्षण. ल्युपरबाईंच्या विद्यार्थ्यांना राज्यघटना पाठ होती आणि काउंटरवरचा नियम माहीत होता. दोन्हींत मेळ नाही, हे कळायला त्यांना कुणी आधी रडायला किंवा छाती फुगवायला शिकवलं नव्हतं.

२३ जुलै २०२५ रोजी मस्कोगी, म्हणजे क्रीक, राष्ट्राच्याच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. १९७९ च्या मस्कोगी घटनेने नागरिकत्व ‘रक्ता’च्या नात्यापुरतं ठेवलं होतं, त्यामुळे जुन्या गुलामांचे वंशज बाहेर पडले होते. न्यायालय म्हणालं, १८६६ चा करार अजून जिवंत आहे आणि त्यानुसार त्या वंशजांचा नागरिकत्वावर हक्क आहे. मॅकगर्ट खटल्यात ज्या जुन्या करारांच्या बळावर मस्कोगी राष्ट्र जिंकलं, त्यांतल्याच एकाच्या बळावर या वेळी त्याच्याविरुद्ध निकाल गेला. आठवीच्या वर्गात हे शिकवायचं झालं तर लाज कुणाच्या वाट्याला लावायची आणि अभिमान कुणाच्या, हे हाउस बिल १७७५ चे समर्थकही सांगू शकणार नाहीत आणि विरोधकही. शिक्षकाला मात्र चारच कागद लागतील: करार, डॉजच्या यादीचं एक पान, १९७९ ची घटना आणि हा निकाल. चारही सार्वजनिक आहेत. तास पाऊण तासाचा असतो. पहिल्या दिवशी करारच वाचून होईल.